निशानं दिलेला शब्द

लाडक्या अभिनवा,

ह्या पत्राला पत्ता न्हाई, तरी लिहिते, कारण आज लई आनंद झाला.

तुझ्या दहाव्याला कावळा शिवंना. जिलेबी ठेवली, बटाटेवडा ठेवला. तुझी आत्या पुटपुटली, "नवरा-बायको बिअर प्यायला गावोगावचे पब हिंडायचे, भोगा आता." तुझी बायको निशा पानापाशीच बसलेली. आत्याचा वडाही तेलकट, ते जाऊ दे.

मी म्हणलं, "पोरी, त्याचं काय राहिलंय ते तूच बोल."

तिनं हात जोडले. "अभि, आपण दोघांनी काढलेलं जर्मनीचं तिकीट रद्द करत नाही. तिथं बिअरचा तुझाही ग्लास मागवीन."

कावळा लगेच आला. आत्या बघतच राहिली.

निशा एकटी जाणार, म्हणून काळजी वाटती. पण तू जेवलास. आता मीही दोन घास खाते.

तुझी आजी,
बायडाबाई, वारजे