आईला विचारलेला प्रश्न

मंगळवार, संध्याकाळ

आज आईला नगरच्या मोठ्या दवाखान्यात दाखवून आणलं. केसपेपर काढून दोन तास रांगेत, तेव्हा कुठे आत गेलो. मागे एवढी माणसं ताटकळलेली, म्हणून घाई. डॉक्टरांनी आईकडेच बघून विचारलं, "आजी, पोटात कधीपासून दुखतंय?" आईनं तोंड उघडलं होतं. मीच सांगून टाकलं, आठ दिवस. जेवण? व्यवस्थित. पाच मिनिटांत गोळ्या लिहून घेतल्या आणि बाहेर. वर समाधान, की कुणाचा वेळ खाल्ला नाही.

परत येताना पारनेरच्या एसटीत आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दिवाळीपासनं दुखतंय रं. भाकर बी जात न्हाई."

"मग तिथं का नाही बोललीस?"

"तू सांगत हुतास की."

आठ दिवस म्हणजे मला कळलं त्याला आठ दिवस. तिनं तोंड उघडलं होतं, मी पाहिलं होतं. तरीही.

उद्या पुन्हा रांग. आत ती बोलेल. मला गप्प राहवेल का?

शाळेत रोज पोरांवर ओरडतो, ज्याला विचारलंय त्यानंच उत्तर द्यायचं.