सायलेंट थंडरचा वंश

४ फेब्रुवारी २०२३

घोडा आला! आमच्या यजमानांनी, देवरावांनी, खरंच आणला. मी समजत होते, बायपासनंतरची बडबड आहे. पुण्याहून ट्रकमध्ये उभ्याने प्रवास करून आज आमच्या सावली गावात उतरला. नाव सायलेंट थंडर. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर मोठमोठ्या शर्यती मारलेला. आता वय झाले म्हणून मालकाने काढला. अर्ध्या तासात गावाने त्याचे ‘सायलेन’ केले.

देवराव अंगणात भाषण देत होते — “रक्त आहे रक्त! आपल्याकडच्या वरातीच्या घोड्या याला लावू. दहा वर्षांनी लोक म्हणतील, सावलीचा घोडा!”

मी बी.एस्सी., झूलॉजी. जन्मभर शाळेत प्रजननाचा धडा शिकवला, तोही न लाजता. खाली वाकले, पाहिले, उठले.

घोडा खच्ची केलेला आहे.

५ फेब्रुवारी

सगळ्यांना दिसले. दिसणारच! इथले पोर चालायला लागले की गोऱ्हा कोणता आणि बैल कोणता ते ओळखते. एकट्या देवरावांना दिसले नाही. पोस्टात आयुष्य गेलेला माणूस. जनावर पाहिले ते तिकिटावर. शेजारच्या ठमाबाई पदर तोंडात कोंबून म्हणाल्या, “बाई, भाऊले कोन सांगन?”

मी सांगीन, म्हटले. त्यात काय? आत गेले तर देवराव दाढी करत होते. सकाळी सहाला! बायपासपासून हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. जेवायला उठवायलासुद्धा मला ओरडावे लागायचे. आज आपण होऊन उठला, आरशासमोर उभा राहिला आणि मलाच विचारले, “घोड्याला चणे भिजवले का?”

नाही सांगितले.

९ फेब्रुवारी

करिष्मा येऊन गेली. माझी विद्यार्थिनी, आता गुरांची डॉक्टर. शर्यतीत लक्ष राहावे म्हणून पुष्कळ घोड्यांना तरुणपणीच खच्ची करतात, म्हणाली. पद्धत चांगली आहे. आमच्या स्टाफरूममध्येही उपयोगी पडली असती.

“बाई, पण काकांना—”

“काकांना काहीही नाही. तोंड बंद.”

१२ फेब्रुवारी

बँडवाला लटारू आपली वरातीची घोडी घेऊन हजर! देवराव आनंदाने गोठा झाडायला धावले. मी लटारूला बाजूला घेतले.

“तुला डोळे आहेत की नाहीत?”

“हायेत ना बाई. म्हनून तं आलो. माही बायको नागपूरले भरती होती तवा भाऊ रात-रात बसून राह्यले तिच्यापाशी. आता भाऊले हौस हाय तं राहू द्या माही घोडी आठ दिवस इथी. नाई राह्यली गाभन, तं म्हनू घोडीतच खोट हाय.”

घोडीतच खोट! हे वाक्य आम्हा बायकांच्या ओळखीचे आहे.

१३ फेब्रुवारी

भाचीच्या लग्नाला नागपूरला निघाले. शेतातल्या गोठ्यावर घोडा, घोडी आणि देवराव. तिघांनाही वेळेवर खायला घाला, असे ठमाबाईंना बजावले.

१९ फेब्रुवारी

परतले. घोडा कडबा खातो आहे. घोडी कडबा खाते आहे. राखी बांधायची तेवढी बाकी.

२ मे

घोडी गाभण!

करिष्माने दोनदा तपासली. “बाई, चमत्कार!” म्हणाली. चमत्कार-बिमत्कार काही नाही. लटारूने गुपचूप घोडी दुसऱ्या घोड्याकडे नेऊन आणली असणार. भला माणूस. देवरावांनी गावभर पेढे वाटले. लोकांनी पेढे घेतले, “वा भाऊ!” म्हणाले आणि दार लावून हसले. भिंती पातळ आहेत, ऐकू येते.

१८ जानेवारी २०२४

शिंगरू झाले. अबलख! अंगभर पांढरे-काळे डाग, जणू चुना देताना मध्ये उभे होते. सायलेन एकरंगी तांबडा, घोडी एकरंगी काळी. आनुवंशिकतेचा धडा मी अर्ध्या गावाला शिकवलेला; आता हे लपायचे कसे?

देवरावांनी चष्मा पुसला. “पणजोबावर गेलं.”

ठमाबाई पुढे सरसावल्या. “नाक तं सायलेनचंच हाय, भाऊ!”

बाईची पापणीही लवली नाही.

२६ जानेवारी

चौकात फ्लेक्स लागला! “चॅम्पियन सायलेंट थंडर यांचे सुपुत्र छोटे थंडर यांना हार्दिक शुभेच्छा.” बापाला काळा गॉगल. शुभेच्छुक — समस्त गावकरी. झेंडावंदनाला मी मागच्या गल्लीने गेले.

२ फेब्रुवारी

आता मात्र हद्द झाली. चिमूरहून देवाजी नावाचा माणूस टेम्पोत घोडी घालून आला. फ्लेक्सचा फोटो मोबाइलवर पाहिला म्हणे. त्याची ही एकच घोडी. तिच्या शिंगरावर पोराचा धंदा उभा करायचा आहे. “रक्त भारी हाय म्हनते, बाई.”

हा आमच्यातला नाही. आपसातले खोटे वेगळे. या माणसाला फसवू देणार नाही. लटारूला बोलावले. “तू घोडी कुठे नेली होतीस, ते यांना सांग.”

लटारूने कानाला हात लावला.

“मी? माह्या मायची आन बाई, मी कुठीच नाई नेली! मले वाटलं, तुमीच काई सुई-बिई देल्ली.”

मग?

देवाजीला जेवायला वाढले, घोडीला चारा टाकला. सकाळी देवरावांना सगळे सांगणार. पुन्हा खाट धरली तर काय करू, ते माहीत नाही. तरी सांगणार.

३ फेब्रुवारी

सांगितले. देवराव बशीतला चहा फुंकत राहिले.

“माहीत आहे. घेतानाच माहीत होतं. मला नुसता घोडा हवा होता गं. अंगणात थोडी फुशारकी मारली. वाटलं, आत्ता कोणी तरी हसेल, मग मीही हसेन. तर कोणी हसेचना! लटारू घोडी घेऊन आला तेव्हा मला घाम फुटला. तू नागपूरला गेलीस आणि मी गडचिरोलीच्या सुकलूचा घोडा बोलावून घेतला. तो निघाला अबलख! काय करता? तुम्ही सगळे इतकं जीव लावून खोटं बोलत होता. तुम्हाला तोंडघशी पाडू?”

आत्ताच देवाजीला आणि त्याच्या घोडीला घेऊन सुकलूकडे गेले. टेम्पोत चढता चढता मला म्हणाले, “गावात कोणाला सांगू नकोस. वाईट वाटेल त्यांना.”