घाटाच्या गाडीचे पाणी

आप्पा,

आज सकाळी मी एक अनुमान केले आणि ते चुकले. तर्कशास्त्र शिकवण्यात ज्याची सारी नोकरी गेली, त्याने असे वाक्य लिहिण्यापूर्वी थोडे थांबायला हवे. मी थांबलो, आणि मग तुम्हालाच लिहावेसे वाटले. याच विषयावर मी एकदा तुमच्याशी वाद घातला होता आणि तो आपण जिंकला अशा समजुतीत कॉलेजला परत गेलो होतो. त्या वादाच्या दुसऱ्या दिवशी डेपोच्या फाटकाशी मी तुम्हाला जे सांगितले ते खरे नव्हते. तो पाण्याचा डबा घरून भरून आणलेला नव्हता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली, पण हे मी कोणाजवळही बोललेलो नाही.

मी आता तुमच्या नातीकडे, माझ्या मुलीकडे राहतो, वेलिंग्टनच्या उत्तरेला, जॉन्सनव्हिलमध्ये. तिची गाडी जपानमधून वापरून आलेली आहे, गाडीचे माहितीपुस्तकही जपानीत. उद्या ती तिच्या मुलीला नेटबॉलच्या सामन्यासाठी रेमुटाका ओलांडून पलीकडे नेणार आहे. तो घाटच आहे, आप्पा. तुम्ही तिथे आला असता तर आधी चढ पाहिला असता, मग वळणे, आणि देखावा सगळ्यात शेवटी. म्हणून सकाळी इंजिन गार असतानाच मी बॉनेट उघडले. इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटची पातळी टाकीवरच्या खालच्या रेषेच्याही खाली गेली होती. टाकीतले कूलंट हिरवे. गॅरेजच्या फळीवर आधीच्या गाडीची एक अर्धी बाटली होती, तिच्यातलेही हिरवे. दोन्ही हिरवी, म्हणून दोन्ही एकच. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत असे लिहिले असते तर मी समासात तांबडी रेघ ओढली असती. आज मात्र मी कपभर ओतले, हात पुसले, आणि उरलेली कसर भरून काढायला नवी हिरवी बाटली आणावी म्हणून तुमच्या पणतीला बरोबर घेऊन चालत दुकानात गेलो.

दुकानात एक भिंतभर बाटल्या होत्या: हिरव्या, तांबड्या, निळ्या, गुलाबी, पिवळ्या. काउंटरमागे एक माओरी बाई होत्या, तुमच्यासारखेच काळे पडलेले नखांचे कोपरे. त्यांनी "किया ओरा" असा नमस्कार करून गाडी कोणती ते विचारले. मी म्हणालो, "हिरव्या कूलंटची." त्या मनापासून हसल्या. त्यांचे बोलणे आपल्या भाषेत सांगतो: "रंगावर जाऊ नका. कंपनीला आवडेल तो रंग ती घालते. आत काय आहे ते सांगा." ते मला सांगता येईना. तेवढ्यात पणतीने फोन पुढे केला. या मुली दिसेल त्याचे फोटो काढतात. गाडीच्या पुस्तकाचे पान तिने फोनकडूनच इंग्रजीत करून घेतले होते आणि मी ओतलेल्या बाटलीचा मागचा कागदही टिपला होता. "आजोबा, बुक सेज फॉस्फेट येस, सिलिकेट नो. अँड युवर बॉटल इज लाइक, टोटली सिलिकेट."

"ओतलंत?" बाईंनी विचारले. मी म्हणालो, "कपभर." "गाडी सुरू केलीत?" "नाही." "मग स्वीट ॲज, काही बिघडलं नाही. मुळीच सुरू करू नका. टाकीतलं सगळं ओढून काढा, टाकी धुवा, मग हे भरा. दोन जातींची मिसळून तापली तर कधीकधी गाळ धरतो, आणि तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. चढावर कळतं मग." त्यांनी योग्य बाटली काढली आणि शेजारी शुद्ध पाण्याचा एक कॅन ठेवला. "धुवायला नळाचं घेऊ नका हं. पाण्यात काय विरघळलंय ते डोळ्यांना दिसत नाही."

जवळजवळ हेच वाक्य मी पूर्वी तुमच्या तोंडून ऐकलेले होते. पैसे द्यायचे सोडून मी तो कॅन हातात घेऊन उभा राहिलो. पणती म्हणाली, "यू ओके?"

आपल्या त्या वादाची संध्याकाळ आहे. मागच्या दाराशी बंब धगधगतो आहे, आई आत भाकऱ्या थापते आहे, आणि तुम्ही डेपोतून आल्या आल्या जुन्या बंबाच्या तळातून खरवडलेला एक पापुद्रा माझ्या तळहातावर ठेवता. अंड्याच्या कवचासारखा पांढरा, कडक. "हे बोअरचं पाणी," तुम्ही म्हणता. "डोळ्यांना स्वच्छ दिसतं. बंबात एवढं बसतं, तर इंजिनाच्या अंगात किती बसत असेल?" म्हणून घाटावर जाणाऱ्या त्या एका एसटीसाठी तुम्ही नदीचे पाणी आणायचात, उकळून रात्रभर निवू द्यायचात, धोतराच्या कापडातून गाळून डब्यात भरायचात. डेपोतल्या सगळ्या गाड्यांना ते पुरणार नव्हते, पण ती एक गाडी चाळीस माणसे घेऊन चढणार होती. हे तुम्हाला कोणत्याही नियमाने सांगितलेले नव्हते.

मी दुसऱ्या वर्षाला होतो आणि तर्काची नुकतीच चव लागलेली होती. "पाणी ते पाणी, आप्पा. द्रव्य एक, गुण एक," मी म्हणालो. तेवढ्यावर थांबलो नाही. "आणि पाण्यात भेद निदान तुम्ही तरी करू नये."

आईचे थापणे थांबले. ज्या गावात तुम्हाला लहानपणी विहिरीच्या कट्ट्याला हात लावू देत नव्हते, त्या गावाबद्दल आपल्या घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. तुम्ही रागावला नाहीत. हातातला पापुद्रा बाजूला ठेवून म्हणालात, "मला विहिरीवर चढू दिलं नाही ते पाणी वाईट होतं म्हणून नव्हे, बाळा. त्यांनी पाणी बघितलंच नाही. मला बघितलं. मी पाणी बघतोय." मी म्हणालो, "हे माझ्या मुद्द्याला उत्तर नाही." तुम्ही "नसेल" म्हणालात आणि भाकरी मागितलीत.

आप्पा, ते उत्तर होते. आणि ते इतके नेमके होते की पुढे मोठमोठ्या ग्रंथांत मी ज्या चुकीची उदाहरणे शोधत राहिलो, तिचे शुद्ध उदाहरण माझ्याच घरात, माझ्याच तोंडून निघून गेले होते. माणसे समान आहेत यावरून पदार्थ एकसारखे आहेत असे निघत नाही. सातवी शिकलेल्या माणसाने हे दोन प्रश्न वेगळे केले आणि मी ते एकत्र बांधून तुमच्याच जखमेवर ठेवले. आज माझ्या वयाला मी तुमच्याकडे मान वर करून पाहतो, आणि तरीही तुम्ही पूर्ण दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा सायकलवरून डेपोत पोचवायचे काम माझे. झाकण नीट बसवलेले नव्हते. उतारावर अर्ध्याहून अधिक पाणी सांडले. घरी परत जाता आले असते, आणि गाडी दहा मिनिटे उशिरा सुटली असती, इतकेच. पण माझ्याजवळ आदल्या रात्रीचा सिद्धांत तयार होता आणि डेपोच्या फाटकाशी बोअरचा नळ होता. आळसाला तत्त्वाचा आधार मिळाला. मी डबा भरून तुमच्यापुढे ठेवला. "घरचंच ना?" तुम्ही विचारलेत. "घरचंच."

तुम्ही ओंजळभर पाणी घेतलेत, धुण्याच्या साबणाचा तुकडा उचललात आणि हात चोळलेत. तुम्ही काम सुरू करण्याआधी हात धुताय असे मला वाटले. मग तुम्ही तो सगळा डबा कडुनिंबाच्या बुंध्याशी रिकामा केलात, कॅन्टीनमधून पातेले मागवलेत, नदीच्या उरलेल्या पाण्याचा दुसरा डबा कोठीतून काढलात आणि ते उकळत ठेवलेत. कंडक्टर ओरडला, "मिस्त्री, गाडीला चहा पाजताय काय? पॅसेंजर माझ्या डोक्यावर बसलेत!" तुम्ही म्हणालात, "साखर कमी घालतोय. बस गप." गाडी पाऊण तास उशिरा सुटली. डेपो मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर कारण विचारले. तुम्ही माझ्याकडे पाहिलेही नाहीत. "पाण्याची व्यवस्था माझ्याकडून राहिली, साहेब." तुमच्या साऱ्या नोकरीतला तो एकच मेमो. आईने तो घडी घालून गाद्यांखाली ठेवला होता.

एका डब्याने इंजिन बिघडत नाही, हे मला आज ठाऊक आहे. तुम्हाला ते तेव्हाही ठाऊक असणार.

दुकानातून परतलो तेव्हा तुमची नात किल्ली घेऊन गाडीशीच उभी होती. "बाबा, झालं ना भरून? मी सँडविचचं सामान घेऊन येते पटकन." दार उघडून ती आत बसली. मी म्हणालो, "सुरू करू नकोस. मी चुकीचं ओतलंय." तिने किल्ली काढली, मला वाटले होते त्याहून फारच सहज. "हीप्स ऑफ टाइम आहे, बाबा. बरं झालं सांगितलंत." ती नर्स आहे. घरातून एक मोठी सिरिंज आणि नळी घेऊन आली. तिघांनी मिळून टाकी उपसली, कॅनमधल्या पाण्याने दोनदा धुतली आणि योग्य ते रेषेपर्यंत भरले. उपसलेले आम्ही एका बरणीत बंद करून ठेवले आहे, सोमवारी दुकानातच नेऊन देऊ. पणतीने विचारले, "हू टॉट यू टु चेक इट कोल्ड?" मी तुमचे नाव सांगितले. तिने ते दोनदा म्हणून पाहिले.

हे वाचून तुम्ही मला बरे म्हणाल, म्हणून दोन दुरुस्त्या करतो. किल्लीपाशी मी बोललो तेव्हा पणती माझ्या बाजूला उभी होती आणि तिला सगळे ठाऊक होते. ती नसती तर मी बोललो असतो, असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा माझ्याजवळ नाही.

दुसरी दुरुस्ती या पत्रातच आहे. तुम्ही हात धुताय असे मला वाटले, असे मी वर लिहिले. स्वतःला मी आजवर तेच सांगत आलो. पण मी तुमच्या हातांकडे पाहत होतो, आप्पा. साबणाला फेस आला नाही; बोअरच्या जड पाण्यात तो धरत नाही. ते मी पाहिले, तुम्ही पाहिलेत, आणि मी पाहिले हेही तुम्ही पाहिलेत.