शंभर वर्षांचं विरजण आणि पाच गाठोडी

२ जून
नात बेगिमायने ही वही दिली. म्हणाली, एने (आमच्याकडे आजीला एने म्हणतात), संशोधनात जे लिहिलं नाही ते घडलंच नाही. म्हटलं, तुझ्या आजोबांनी चाळीस वर्षांत काही केलं नाही हे मला न लिहिताच ठाऊक आहे. तरी वही घेतली. माझ्या इयत्ता चारच, पण अक्षर तिच्या आईपेक्षा बरं.

विषय असा. नातीला मोठा प्रकल्प करायचाय, कुमीसमधल्या, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधातल्या, जंतूंवर. चौघांनी मिळून: फिनलंडचं विद्यापीठ, अल्माटीची प्रयोगशाळा, बिश्केकची तिची संस्था आणि चौथी मी. घोडीच्या दुधाला माझ्या सासूचं विरजण शंभर वर्षं अखंड चालू आहे. सगळा प्रकल्प त्याच्यावर उभा. अर्ज सप्टेंबरात. मंजूर झाला तर बेगिमाय तीन उन्हाळे इथे सुसामीरच्या कुरणावर, आमच्या यूर्तात, म्हणजे लोकरी तंबूत. नाही झाला तर ती फिनलंडला निघाली.

निघू दे. मी हे फक्त विरजणासाठी करतेय.

५ जून
मेथडॉलॉजी शिकले. आपण काय करणार ते आधी सांगायचं, आणि का करणार ते कुणाला कळणार नाही असं सांगायचं. वर्क पॅकेज म्हणजे कामाचं गाठोडं. एकूण पाच. प्रत्येकाला एक मालक, सुरुवातीचा महिना, शेवटचा महिना, आणि शेवटी लोकांना दाखवायला काहीतरी. हात्तिच्या. माझ्या मुलाच्या, तालान्तच्या लग्नाला चारशे माणूस होतं, सगळी गाठोडी माझ्या डोक्यात होती. लग्न उत्तम झालं. फक्त सून चुकली.

संकल्प: गाठोडी मीच वाटणार. कुलुइपाला लांब ठेवणार.

(कुलुइपा म्हणजे ओढ्यापलीकडचं यूर्त. ती आणि मी एकाच वर्षी नव्या नवऱ्या म्हणून इथे आलो. एक्कावन्न वर्षं ती मला आडवी येतेय.)

८ जून, सकाळ
बेगिमायने मूळ विरजण कुठे आहे विचारलं. सासूचा कातडी बुधला दाखवला. हिवाळाभर गावच्या घरी आढ्याला टांगलेला असतो. तळाशी साका असतो, वसंतात दूध ओतलं की जागा होतो. आधी धुरी द्यायची. बाकीच्या बायका दोन दिवस देतात, सासू गेल्यापासून मी सात देते. कुलुइपा म्हणते, अगं उमसुनाय, तू कुमीस करतेस की मांस सुकवतेस? जळकी.

जिपार, म्हणजे सून, ओढ्यावर निळी किटली घासत होती. काठाचा टवका उडालेली. कुलुइपाची. दर वसंतात ही किटली आमच्याकडे कशी येते कोण जाणे. विचारलं, तर म्हणाली, परत द्यायचीच होती आपा (थोरल्या बायकांना ती आपा म्हणते), राहून गेलं. दुधासाठी घोड्या बांधल्या मे महिन्यात, आज जून. ओढा ओलांडायला तीन आठवडे लागतात बाईला.

१४ जून
पाहुणे आले. फिनलंडच्या प्रोफेसर तुइरेबाई, अल्माटीचा साकेन. मेंढी कापली. मी पाव तास भाषण केलं. बेगिमायने त्याचं चार शब्दांत भाषांतर केलं. पोरीची छाती नाही.

बेगिमाय म्हणाली, आता गाठोड्यांवर चर्चा करू. चर्चा कशाला? आपल्याकडे पाहुण्यांना मानाप्रमाणे मांसाची हाडं वाटतात, तशीच गाठोडी वाटायची. ज्याला जे हाड, त्याला ते गाठोडं. घेतलेलं हाड परत देता येत नाही, त्यामुळे पुढे रडारड नाही. तुइरेबाईंनी ही पद्धत खुशीने वहीत उतरवून घेतली.

सगळ्यात मानाचं हाड, गाठोडं पहिलं, अख्ख्या प्रकल्पाचं नेतृत्व: तुइरेबाईंना दिलं. बाई मांस खात नाही! हे आधी कुणी सांगायचं? बाईंनी दोन्ही हातांनी, अगदी अदबीने, हाड शेजारणीला दिलं. शेजारी कोण? कुलुइपा. चाळण मागायला आली होती आणि बसली होती. तिने आशीर्वाद म्हटला आणि खाऊन टाकलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

१५ जून
कुलुइपा सकाळीच हजर. माझ्या गाठोड्यात काय काय आहे, म्हणे. बेगिमायने मिटवलं. नेतृत्व तुइरेबाईंकडेच, पण कुलुइपाचं यूर्त आता 'तुलनेसाठी दुसरी जागा'. मी हरकत घेतली नाही. अस्सल ओळखायला शेजारी कमअस्सल लागतंच.

मी गाठोडं दुसरं: परंपरा. प्रमुख: उमसुनाय. चांगलं दिसतं लिहिलेलं.

२० जून
अर्जाला जोडायला आधीच एक छोटी तपासणी करणार आहेत. तीन बाटल्या भरल्या. एक, सासूच्या बुधल्यातला साका, यंदा धुरीनंतर दूध ओतण्याआधी खरवडून ठेवलेला. दोन, आमचं चालू कुमीस. तीन, कुलुइपाचं. बाटल्यांवर नावं नाहीत, नुसते आकडे, म्हणजे तपासणाऱ्याने पक्षपात करायला नको. ही पद्धत मला पटली.

जिपार हळूच म्हणाली, आपा, कुलुइपा आपांचं कशाला पाठवायचं? आपलं एकच पुरे. सत्तावीस वर्षांत सून पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलली, पण वेळ चुकली. म्हटलं, पाठवायचं म्हणजे पाठवायचं. शेजारीण म्हणून ढिलं सोडलं तर ती मेथडॉलॉजी कसली? ती गोरीमोरी झाली. ऊन लागलं असणार.

२ जुलै
वेळापत्रक केलं. बेगिमाय संगणकावर पट्ट्या ओढत बसली होती. मी जेवणाचा दस्तरखान पसरला आणि छत्तीस महिन्यांचे छत्तीस कुरुत मांडले. आमच्या सुक्या दह्याच्या गोळ्यांनी मांडलेलं कुणालाही कळतं. सुंदर दिसत होतं. पाणी आणायला गेले तेवढ्यात तालान्त घोडे चारून आला आणि सातव्या महिन्यापासून अकराव्यापर्यंत खाऊन गेला.

त्याला म्हटलं, गाढवा, तू नमुने गोळा करायचा काळ खाल्लास. तो म्हणाला, आई, मीठ जरा जास्त होतं.

९ जुलै
आज धोक्यांचा तक्ता. काय बिघडू शकतं, किती शक्यता, उपाय काय. मी सांगितलं तसं बेगिमायने लिहिलं. लांडगा: मध्यम, उपाय कुत्रा. तालान्त: जास्त, उपाय नाही. कुलुइपा: नक्की.

जिपार चहा ओतत होती. म्हणाली, आणि विरजणच जर नसलं तर? म्हटलं, तिथे मोठं शून्य घाल. शंभर वर्षांत जे झालं नाही ते आता होणार? बेगिमायने आईकडे पाहिलं. चहा बशीत सांडला. कप भरायलाही या बाईला मेथडॉलॉजी लागेल.

२१ जुलै
रस्त्यावर आम्ही कुमीस विकतो तिथे नवीन पाटी लावली. 'शंभर वर्षं अखंड. फिनलंडकडून तपासणी चालू.' तीन गाड्या थांबल्या. एकाने शौचालय कुठे आहे विचारलं.

नवा रुमाल काढून ठेवलाय. निकालाच्या दिवशी बांधणार. कुरणावरच्या बाकीच्या एकोणीस यूर्तांपैकी अठरांना सांगून झालं. एकोणिसावी कुलुइपा, तिला दोनदा सांगितलं. ती नुसती हसली. तिचे वरचे दात नाहीत, म्हणून हसू कसलं ते कळत नाही.

६ ऑगस्ट, दुपार
निकाल आला. नेटवर्क टेकडीवरच लागतं. बेगिमाय वर गेली, साकेनशी बोलली, खाली आली. माझ्याकडे न बघता आईकडे बघत होती. मी नवा रुमाल बांधून बसले होते.

बाटली एक: जिवंत काही नाही. काजळी.
बाटली दोन आणि तीन: एकच. मी विचारलं, बहिणी-बहिणींसारखं? ती म्हणाली, नाही एने, एकच. एकाच बुधल्यातलं असावं तसं.

निष्कर्ष उघड आहे. कुलुइपाने माझं विरजण चोरलं. कधी, कसं, ते शोधायचं. सहावं गाठोडं काढलं: चोरीची चौकशी. प्रमुख मी.

७ ऑगस्ट
चौकशी केली.

ओढा ओलांडून गेले. सून आणि नात मागून आल्या. कुलुइपाला तोंडावर विचारलं. ती इतकी हसली की रुमाल सुटला. म्हणाली, अगं, मला काय विचारतेस, निळी किटली कुणाची ते तुझ्या सुनेला विचार.

आणि जिपारने एका दमात सांगितलं. आपा, तुमचं विरजण दर वसंतात मरतं. सात दिवस धुरी देऊन तुम्हीच त्याला मारता. पहिल्या वर्षी ते दूध मी कुत्र्याला घातलं, कुत्रा वास घेऊन निघून गेला. तेव्हापासून अकरा वसंत मी इथून किटलीभर आणते आणि तुम्ही झोपलात की बुधल्यात ओतते. मग सांगितलं का नाहीस, मी म्हटलं. तर म्हणते, तुम्ही तीन दिवस बुधल्यावर हात ठेवून सासूबाईंशी बोलत बसायचात. कसं सांगणार?

मी उठून घरी आले. तोंडात कुरुत होता, म्हणून निरोप घेतला नाही.

८ ऑगस्ट
पाटी तालान्तने काढली. मी सांगितलं नव्हतं. वाऱ्याने सैल झाली होती म्हणे. वारा नव्हता.

१२ ऑगस्ट
नवी योजना. विरजण मेलं अकरा वर्षांपूर्वी. त्याआधी एकोणनव्वद वर्षं ते होतंच. तर अर्जात लिहायचं, 'एकोणनव्वद वर्षं अखंड'. आकडाही नीटनेटका. बेगिमाय म्हणाली, एने, नको. म्हटलं, मग 'जवळजवळ अखंड'. तिने संगणक मिटला.

तिला वाटलं होतं सगळं बुडालं. दोन दिवस ती फिनलंडच्या कागदांकडे बघत होती. मला काही नाही. भूक तेवढी नव्हती, ती उन्हाने.

१६ ऑगस्ट
तुइरेबाईंचा निरोप आला. बाई खूश! म्हणे, हे आधीच्यापेक्षा चांगलं आहे. आता प्रश्न नवा: विरजण एका यूर्तातून दुसऱ्यात कसं जातं, कोण मागतं, कोण देतं, कोण लपवतं. बेगिमायने कुरणभर विचारलं. एकोणिसातल्या चौदा यूर्तांत कुलुइपाचंच निघालं.

गाठोडं दुसरं, प्रमुख: कुलुइपा.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. त्या बाईला अकरा वर्षं सगळं माहीत होतं. मी तिच्यासमोर बसून शंभर वर्षांच्या गप्पा मारत होते, तिच्याच विरजणाचं कुमीस तिला पाजून. आणि ती कुणाला बोलली नाही. कुलुइपा, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही! मी तिच्या जागी असते तर दुसऱ्या दिवशी अख्ख्या कुरणाला कळलं असतं.

हे अर्जात लिहू नये.

१५ सप्टेंबर
अर्ज गेला. साठ पानं. माझं नाव शोधलं. पान एक्केचाळीस, तक्त्यात: 'यूर्त क्रमांक सात. घेणारे.'

१८ मे
वही हिवाळाभर सापडत नव्हती. (ट्रंकेत होती. मीच ठेवली होती.)

प्रकल्प मंजूर झाला. बेगिमाय आली. तीन उन्हाळे राहणार. कुलुइपाकडे. दुसरं गाठोडं तिथे आहे म्हणून मुक्कामही तिथे, जेवणही तिथेच. पहिल्या दिवशी येऊन मला मिठी मारून गेली. पाच मिनिटं. मोजली नाहीत, पण पाचच.

घोड्या बांधल्या. यंदा माझं विरजण मीच जागवणार. चूक सापडलीये: सात दिवस धुरी जास्त होती. या वर्षी पाच दिवस दिली. जिपारला सांगितलं, बुधल्याला हात लावायचा नाही, रात्री नाही, पहाटे नाही. दूध ओतलं. हात ठेवला. सासूबाईंशी बोलले, पण थोडक्यात.

२० मे
वास येतोय. ही सुरुवात असू शकते.

२१ मे
कुत्रा आला. निघून गेला.

२२ मे, सकाळ
जिपारला म्हटलं, जा किटली घेऊन. ती म्हणाली, आपा, कंबर धरलीय. कंबर धरलेली बाई एका दमात घोडीखालून बादली उचलते? हे खोटं बोलणं ती आमच्याच घरात शिकली.

मीच गेले. रिकाम्या हाताने, कारण किटली तिची.

ती दारातच होती. किटली. निळी, भरलेली, वर फडकं बांधलेलं. कुलुइपा म्हणाली, अगं, तीन दिवस भरून ठेवलीय, एवढा उशीर का लावलास? मी म्हटलं, पाय दुखत होते. ती म्हणाली, हो, ओढा वाढलाय नाही का. ओढ्यात घोट्याएवढं पाणी आहे.

आत बेगिमाय बसली होती, वही आणि पेन घेऊन. परक्यासारखं विचारलं. नियमच आहे म्हणे, सगळ्यांना तेच विचारायचं. नाव? उमसुनाय. यूर्त? सात. कुणाकडून घेतलं? समोर बसलीये, दिसत नाही का. किती वर्षांपासून?

म्हटलं, लिही, पहिल्यांदाच.

पोरीने पेन टेकवलं नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. कुलुइपा किटलीवरचं फडकं नीट करत होती.

म्हटलं, बारा.

तिने लिहिलं. म्हणजे घडलं.

ओढा ओलांडून आले. थेंब सांडला नाही. बुधल्यातलं जुनं काढून नवं ओतलं. पुढच्या वसंतात धुरी फक्त दोन दिवस देणार आहे, पण हे कुणी सुचवलं म्हणून नाही. लाकूड महाग झालंय.

किटली उद्याच परत द्यायला हवी. मीच नेणार. जिपार तीन-तीन आठवडे लावते.