बादलचा गोठा

३ ऑगस्ट, रविवार. सकाळी ७.१०

आजपासून शिस्त.

माझ्या बायकोला, वैजयंतीला, बँकेने सहा महिन्यांच्या डेप्युटेशनवर अकोल्याला पाठवले, ते २० तारखेला संपते. २२ ला पोळा. त्या दिवशी ती कायमची घरी येणार. (फोनवरचे तिचे शब्द 'पोळ्याला येते' एवढेच होते. 'कायमची' मी घातला. पण अर्थ तोच.)

तोवर घर झाडायचे, वजन चार किलो उतरवायचे आणि बादलचा गोठा पूर्ण करायचा.

बादल म्हणजे माझा घोडा. प्लास्टिकचा, तपकिरी, उंची एक वीत. खऱ्या घोड्याच्या नवव्या हिश्श्याचा. मार्चमध्ये ऑनलाइन मागवला. एकटे वाटत होते म्हणून नव्हे. कॉलेजच्या ग्रंथालयात एका मासिकात या छंदावर लेख वाचला म्हणून.

(तपासले. लेख एप्रिलच्या अंकात आहे. तरीही.)

असे घोडे पाळणाऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यात फोटोंची स्पर्धा आहे, १८ तारखेपर्यंत. घोड्याभोवती छोटे सामान असे मांडायचे, की बघणाऱ्याला खराच घोडा वाटला पाहिजे. पहिला नंबर काढायचा आणि वैजयंतीला दाखवायचा. ती नसताना मी हातपाय गाळून बसलो नव्हतो, हे तिला आपोआप कळेल.

४ ऑगस्ट, सोमवार

घर झाडणे उद्या.

बादली तयार! खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचे झाकण, कडी तारेची. बाटली रिकामी नव्हती. झाकण काढल्यावर औषध वाया जाऊ नये म्हणून तीन दिवसांत संपवायचे ठरवले आहे. खोकला नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

दुपारभर झोप आली. औषधामुळे असावी.

आमच्या ग्रंथालयाचा शिपाई रामकिसन मेडशीहून येतो, घरी शेती आहे. त्याला सोयाबीनचे कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, मागितले. त्याने विचारले, किती पोते पायजेत? म्हटले, एक वाटी. पुस्तके लावता लावता त्याने थोड्या वेळाने हळूच विचारले, सर, खाता का तुमी?

कुटार चहाच्या गाळणीने गाळावे लागेल. नऊने भागल्याशिवाय काही खरे दिसत नाही. बादलच्या दुनियेत कुटारातली एक जाड काडी म्हणजे दांडका, आणि तुरीचा दाणा म्हणजे कांदा.

८ ऑगस्ट, शुक्रवार

शेजारच्या ललिताबाई दोडक्याची भाजी घेऊन आल्या. भाजी देताना नेहमीचा प्रश्न. अकोला काय अमेरिका हाय का भाऊ? अर्धं मालेगाव अपडाउन करून राह्यलं, वैनी काहून नाही करत?

(आमचे मालेगाव वऱ्हाडातले, अकोल्यापासून एसटीने दीड तास.) मी सविस्तर समजावले. रस्ता, धूळ, तिची कंबर. त्या म्हणाल्या, मायी नणंद पन्नाशीची हाय, रोज जाते, तिले नाही का कंबर?

विषय बदलावा म्हणून बादल दाखवला. त्यांनी आधी हात जोडले. मग विचारले, नवसाचा हाय का? म्हटले, नाही हो. म्हणाल्या, मंग बोलून टाका एखादा.

अंधश्रद्धा. भाजी चांगली होती.

१० ऑगस्ट, रविवार

गोठ्याच्या भिंतीच्या मातीत चिकटपणासाठी गुळाचे पाणी घातले होते. सकाळी पाहतो तर मुंगळे. बादलच्या मापाने एकेक मुंगळा उंदराएवढा. उत्तरेची भिंत पोखरून पाडली. बादल मात्र जागचा हलला नाही. त्याच्याकडून शिकण्यासारखे आहे.

दोन वाजता वैजयंतीला फोन. एक मिनिट चाळीस सेकंद. जेवण नीट करता ना, असे तिने विचारले. मी माझ्या दिनचर्येबद्दल खुलासेवार सांगितले. सलग पाचव्या दिवशी खिचडी आहे हे सांगितले नाही. ही लपवाछपवी नव्हे. ती कोणत्या दिवसाबद्दल विचारते आहे ते स्पष्ट नव्हते.

घर झाडणे १५ ऑगस्टला. सुट्टी आहे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आजचा दिवस सोन्याचा!

बाजारात पोळ्याची दुकाने लागली. मातीच्या बैलांसाठी एवढ्याशा झुली, गोंडे, घुंगरू, वेसणी. सगळे बादलच्या मापाचे! चार महिने मी काड्या आणि झाकणे शोधत फिरलो आणि हे दरवर्षी डोळ्यांसमोर टांगलेले असते. ग्रुपवरच्या पुण्या-बंगळूरवाल्यांना हे मिळणे शक्य नाही. आपल्या भागाचा हा फायदा.

झूल घेतली, वेसण घेतली. सुई तापवून बादलच्या नाकाला आरपार भोक पाडले आणि वेसण ओवली. क्षणभर वाईट वाटले. त्याला म्हटले, झाले, झाले.

(मोठ्याने म्हटले. खिडकी उघडी होती.)

१७ ऑगस्ट, रविवार

सकाळी गच्चीवर उन्हात फोटो. गव्हाण, गव्हाणीत कुटार, शेजारी ढेपेचा, म्हणजे सरकीच्या पेंडीचा, तुकडा, बादली, तुराटीच्या काड्यांचा आडोसा, झूल पांघरून बादल. मला स्वतःलाच शेणाचा वास आला.

रामकिसनला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्याने लगेच फोन केला. गोठा एक नंबर हाय सर, पन बैल कुठी हाय?

थट्टेखोर माणूस. फोटो स्पर्धेला पाठवून दिला.

घर झाडायचे राहिले. १५ ला झेंडावंदन होते.

१९ ऑगस्ट, मंगळवार. सकाळी ११

निकाल. तेवीस जणांत एकविसावा.

ग्रुपच्या अ‍ॅडमिन रीता मॅडम लिहितात, माप अचूक आहे, सामानाचे काम अप्रतिम. पण सर, घोड्याच्या नाकातून दोरी का? घोड्याला तर लगाम असतो. आणि तुम्ही याला गोठा का म्हणता? तबेला म्हणायचे आहे का?

मी उत्तर दिले, ही आमच्या वऱ्हाडातली पारंपरिक पद्धत आहे.

११.४०. ते वाक्य खोटे आहे. वऱ्हाडात असे कोणी करत नाही. सगळ्यांसाठी डिलीट केले. तोपर्यंत एकोणीस जणांनी वाचले होते. 'चूक झाली' असे लिहिले. त्यावर चार जणांनी अंगठा दाखवला.

खरी गोष्ट अशी, की शेहेचाळीस वर्षांत मी घोडा जवळून पाहिला तो फक्त वरातीत, आणि तेव्हा लक्ष नवरदेवाकडे. जनावर म्हटले की हात आपोआप वेसणीकडे गेला. नाकातले भोक आता बुजत नाही.

नंबराबद्दल वैजयंतीने विचारल्याशिवाय सांगायचे नाही. तिला स्पर्धाच माहीत नाही, म्हणजे ती विचारणार नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

घर झाडले! सगळे. कपाटातले तिचे दोन कप्पे मोकळे केले, त्यात कुटार आणि तारा ठेवल्या होत्या. वजन एक किलो वाढले, पण ते झाडण्याआधी केले होते.

उद्यासाठी ठरवले ते असे. दाढी करायची. इस्त्रीचा शर्ट. सामान कधी येणार असे विचारायचे नाही. चेहरा पाडायचा नाही. रडगाणे तर अजिबात नाही. मी मजेत होतो हे तिला दिसले पाहिजे. माणसाने हसऱ्या घरात परत यावे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा. दुपारी १

९.५० च्या एसटीने आली. रजा काढून. हातात एकच पिशवी. बाकी सामान मागून येणार असावे. विचारले नाही.

गोठा समोरच्या खोलीत मांडला होता. ती वाकून बघत राहिली आणि एकदम हसत सुटली. अहो, घोड्याले कोणी वेसण घालते का! तिचे माहेर रिठदचे, दारात बैल होते. खूप हसली की ती रिठदचे बोलते. हसता हसता खुर्चीवर बसली, डोळे पुसले. या घरात ती अशी कधी हसली होती हे आठवून पाहिले. नक्की आठवत नाही, म्हणून लिहीत नाही.

मी तिला बादली, कुटार, मुंगळे, सगळे सांगितले. तिने सगळे ऐकले. ललिताबाईंनी पाठवलेली पुरणपोळी दोघांनी खाल्ली. सर्व ठरल्याप्रमाणे चालू आहे.

सायं. ५.३०

चारच्या एसटीने गेली.

नोंद असावी म्हणून लिहितो. बँक तिला अकोल्यातच कायम करायला तयार आहे. अर्ज भरून पर्समध्ये ठेवलेला होता, सोमवारी द्यायचा आहे. म्हणाली, महिनाभर मला तुमचीच काळजी होती. ठरवून आले होते, तुम्ही जरा जरी खचलेले दिसलात तर हा कागद इथेच फाडायचा. पण तुम्ही किती रमलात हो. जीव हलका झाला माझा.

मग माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ.

मी म्हणालो, माझे अगदी उत्तम चालले आहे.

स्टँडवर सणाची गर्दी. तिला अकोल्यापर्यंत उभे राहून जावे लागले असते. पण बस लागताच मी धावत गेलो आणि खिडकीतून रुमाल टाकून तिच्यासाठी जागा धरली. रुमाल परत घ्यायचा राहिला.