आबांचा टेप

ठाणे,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय रत्नदीप,

सप्रेम जय भीम.

घरी सुखरूप पोचलो. दिव्याहून तुमच्या घरून निघताना तू जबरदस्तीने दिलेली सुकटीची चटणी सान्वीने दोन दिवसांत फस्त केली. माझा गुडघा बरा आहे. आबांचा खोकला कसा आहे? हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, मलाही कळतं. व्हॉट्सॲपवर तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. शेवटी लेकीच्या वहीतली पानं फाडून बसलोय.

मागच्या महिन्यात सान्वीने इंटरनेटवर आपल्या वेळचे, चित्रं नसलेले खेळ शोधून काढले. काळा पडदा, दोन ओळी वर्णन, आणि पुढे काय करायचं ते आपण टाइप करायचं. "बाबा, हे नुसतं वाचत बसायचं?" म्हणाली. मी ऐटीत खुर्ची ओढली आणि पहिल्याच खोलीत अडकलो. बाहेर पडायला मी सवयीने 'येतो' टाइप केलं होतं. त्या खेळाला तो शब्द माहीत नव्हता. पोरगी हसत सुटली आणि मला मोहन्याचं आमचं घर आठवलं.

एकोणनव्वदची मे महिन्याची सुट्टी. माझ्या मामाने मस्कतहून आणलेला, टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर, आणि कॅसेट चालवायला आबांनी दिलेला तुमचा टेप. इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करत आपण आपला खेळ लिहिला. प्रोग्राम माझा, गोष्ट तुझी. नदी, कंपनीचा भोंगा, चिंचेखालची विहीर, सगळं त्यात होतं. पण सुरुवात तुझ्या घरात. चुलीपाशी तुझी आई, मीराबाई. त्यांना जाऊन तेव्हा सहाच महिने झाले होते. खेळणाऱ्याने 'जातो' लिहिलं, की त्या म्हणायच्या, "जातो म्हणू नये रे." दार उघडायचं नाही. 'येतो' लिहिलं, की उघडायचं. मी वैतागून म्हणालो होतो, "अरे, लोक घरातच अडकतील!" तू म्हणालास, "अडकू देत."

कॉम्प्युटर बंद केला की सगळं पुसलं जायचं. खेळ होता तो त्या एका कॅसेटवर. त्यावर चुकून कोणी काही रेकॉर्ड करू नये म्हणून तू तिच्या मागच्या खाचेतली टिकली मोडून ठेवली होतीस.

आता खरं सांगतो. आमच्या हेमाताईच्या हळदीला धवलारीण लग्नाची गाणी गायला बसली आणि आई म्हणाली, "गुरू, टेप कर." घरात कोरी कॅसेट नव्हती. रेकॉर्ड व्हावं म्हणून मी त्या खाचेत कागदाचा बोळा कोंबला. खेळ सुरुवातीलाच आहे, थोडं पुढे नेऊन रेकॉर्ड करू, असा हिशेब होता. घाईत पुढे न्यायला विसरलो. दुसऱ्या दिवशी लावली तर सुरुवातीपासून धवलेच धवले.

एवढंच असतं तर चूक म्हणता आली असती. तू दुपारी येणार होतास. तू यायच्या आधी मी रीळ हाताने ओढून काढलं, चुरगाळलं, आणि तुला दाखवलं. "तुमच्या टेपने खाल्लं." गाणीही त्यात गेली. आईलाही हेच सांगितलं.  तू टेप उचललास आणि घरी गेलास. पुन्हा माझ्या कॉम्प्युटरला हात लावला नाहीस. मी मात्र त्याच विद्येवर आयुष्यभर पोट भरलं.

त्या दिवशी तुमच्याकडे टँकर आला म्हणून तू बादल्या घेऊन खाली गेलास, तेव्हा आबांनी माझा हात धरला. म्हणाले, "गुरुदत्ता, त्या टेपचं मनाला लागून राहिलंय रे. पोराने आईचं घर बांधलं होतं, आमच्या टेपने खाल्लं. मीराच्याच आवडीचा टेप होता तो, पण मी पुन्हा लावला नाय कधी." आणि माझी माफी मागितली! ब्याऐंशी वर्षांच्या माणसाने. मी काय केलं माहितेय? "जाऊ द्या हो आबा," म्हणालो. मोठ्या मनाने माफ केलं त्यांना! तू बादल्या घेऊन वर आलास, तेव्हा मी चहा पीत होतो. त्या घोटाची लाज अजून जात नाही.

तुमच्या टेपने काहीही खाल्लं नव्हतं, रत्नदीप. हे पत्र आबांना वाचून दाखव. माझ्यावर रागवायचं ते नंतर, आधी त्यांना सांग. त्यांचा खोकला ऐकल्यापासून मला घाई झाली आहे.

गेले आठ दिवस मी तो खेळ पुन्हा लिहायला बसतोय. नदी झाली, विहीर झाली. मीराबाईंच्या तोंडी काही घालायचा मला हक्क नाही, म्हणून ती खोली रिकामी ठेवली आहे. 'येतो' म्हटल्यावर त्या काय म्हणायच्या, तेही मला आठवत नाही. तुला आठवत असेल.

पुढच्या रविवारी दिव्याला तुमच्या दारात उभा राहीन. उघडायचं की नाही, ते तू आणि आबा ठरवा.

येतो.

तुझा अपराधी,
गुरुदत्त