देवाचा कौल आणि बाबल्याचा गुडघा

शनिवार, संध्याकाळ

बाबल्याने ट्रेकसाठी ग्रामदेवतेला कौल लावला आणि मूर्तीला चिकटवलेल्या पाकळ्यांतली उजवीकडची आधी पडली, म्हणजे देवाचा होकार, असं त्याच्या बायकोनेच आज सांगितलं. म्हणजे हा हिमाचलला येणार. तिथे पाठीवर ओझं घेऊन रोज एका डोंगरी झोपडीतून पुढच्या झोपडीपर्यंत चालायचंय. सरावाला बाकीचे आम्ही तिघे रोज गावामागची घाटी चढतो. हा एकदाही आला नाही. नवे बूट अजून खोक्यात!

मी बाबल्याला फोन करून भडकलो.

"देवान उजवो कौल दिलो. आता तुका घाटी चढान कित्याक दाखवू?"

"देवाक गुडघ्याचा सांगितलंस?"

"तां देवाक म्हायत नाय काय रे?"

आंबोलीत याचा गुडघा धरला, तेव्हा याला मीच पाठुंगळीला घेऊन उतरलो होतो. तिथे खाली निदान गाडी होती. हिमाचलात काय? माझं चुकतंय का? नाही. बूट खोक्यात ठेवणाऱ्याची दया कसली?

उद्या सकाळी भरलेली सॅक घेऊन त्याच्या दारात जाणार. घाटी चढला नाही, तर ट्रेकच्या यादीतून त्याचं नाव मीच काढून टाकणार. तो चढणार नाही. शिव्या घालील, मग वर्षभर अबोला धरील. धरू दे. अबोल्याचं ओझं पाठीला लागत नाही.